जोशुआ ट्रीला तंबूत मुक्काम : ठाण्याहून जाणाऱ्यांसाठी सविस्तर

आपल्या ठाण्यातल्या बऱ्याच जणांची मुलं किंवा भावंडं कॅलिफोर्नियात आहेत, आईवडील वर्षाआड तिकडे जातात, आणि लॉस एंजेलिसच्या आसपास राहिलं की कोणीतरी एक दिवस जोशुआ ट्री नॅशनल पार्क दाखवून आणतंच. सकाळी निघायचं, गाडीतून दगड बघायचे, चार फोटो काढायचे, संध्याकाळी घरी. माझं कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका. त्या वाळवंटात दुपार ही सगळ्यात रुक्ष वेळ असते, उन्हात सगळं पांढरट आणि सपाट दिसतं. खरं बघायचं ते सूर्य कलल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी ९ पर्यंत, आणि त्यासाठी पार्कच्या आत झोपावं लागतं. आम्ही जंबो रॉक्स कॅम्पग्राउंडला तंबू लावून राहिलो, आई सोबत होती, तिच्या गुडघ्यांसकट, आणि तिलाच सगळ्यात जास्त आवडलं.

आम्ही म्हणजे मी, लेक, आई, आयर्विनचा दादा, वहिनी आणि भाचा. नवऱ्याला सुट्टी नव्हती. एका साइटवर, म्हणजे तंबूच्या एका ठरलेल्या जागेवर, ६ माणसांची मर्यादा आहे, आम्ही बरोबर बसलो, सातवं माणूस असेल तर दुसरी साइट घ्यावी लागते हे आधीच लक्षात ठेवा. दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यात आली होती, दादाकडे भाऊबीज केली आणि लगेच निघालो. ही तारीख मी मुद्दाम धरलेली. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, म्हणजे भाऊबीजेनंतरचे दोन-तीन दिवस चंद्र कोरीएवढा असतो आणि लवकर मावळतो, आकाश काळंकुट्ट मिळतं. वर ठाण्यातल्या शाळांना सुट्टी, आणि तिकडची हवा ऑक्टोबर ते मे याच काळात राहण्यासारखी असते, उन्हाळ्यात पारा ३८ अंशाच्या वर जातो तेव्हा तंबूचं नावच काढू नये. त्यामुळे तारीख ठरवताना कॅलेंडरात अमावास्या बघा, बाकी सगळं नंतर.

बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या वेबसाइटवर ६ महिने आधी उघडतं. नोव्हेंबरसाठी मे महिन्यातच बसावं लागतं, शनिवार-रविवार तर लगेच भरतात, आम्ही मधले वार घेतले म्हणून आवडीची साइट मिळाली. जंबो रॉक्सला १२४ साइट्स आहेत, आणि नकाशात बघून दगडाच्या आडोशाची घ्या, का ते वाऱ्याच्या भागात सांगते. थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा, आठवडा टाळा, अख्खं दक्षिण कॅलिफोर्निया तिथे येतं.

लॉस एंजेलिसहून साधारण २२५ किमी. आय-१० या हायवेने पूर्वेकडे जाताना सॅन गोर्गोनियो खिंड लागते, दोन्ही बाजूला उंच डोंगर आणि मधे शेकडो पवनचक्क्या. सॅन जॅसिंटो आणि सॅन बर्नार्डिनोचे हे डोंगर पॅसिफिककडून येणारी ओल अडवतात, म्हणून पलीकडे वाळवंट. आपल्याकडे सह्याद्री पाऊस अडवतो आणि माण-खटाव कोरडं राहतं तोच प्रकार, फक्त फार मोठ्या मापात. जंबो रॉक्सची उंची ४,४०० फूट, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरएवढी, महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस आणि इथे जेमतेम १०० ते १३०! आईला हे सांगितलं तर ती कितीतरी वेळ खिडकीतून नुसती बघत बसली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. जंबो रॉक्सला पाणी नाही. नळ नाही, बेसिन नाही, काहीच नाही. पार्कचा नियम माणशी दिवसाला किमान १ गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, चालायला जाणार असाल तर दुप्पट. हे फक्त पिण्याचं धरा. आपल्याला चहा लागतो, भात लागतो, हात धुवायला लागतात, आणि बाकीचं तुम्हाला माहितीये, त्यामुळे आम्ही हिशोबाच्या वर अजून दोन मोठे कॅन भरून घेतले आणि ते संपले. खाली तोटी असलेला कॅन घ्या, टेबलाच्या कडेला ठेवला की बारीक धारेत हात धुता येतो. आत पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे पेट्रोल, बर्फ, लाकडं, सगळं यक्का व्हॅली किंवा ट्वेंटीनाइन पाम्स या बाहेरच्या गावांतून घेऊनच आत शिरा आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. संडास आहेत, स्वच्छ होते, पण खड्ड्याचे, फ्लश नाही आणि पाणी अर्थातच नाही. आपली बाटली आपण न्यायची, वाइप्स आत टाकायचे नाहीत, पिशवीत बांधून कचऱ्यात. अंघोळीची सोय अख्ख्या पार्कात कुठेच नाही. घरातल्या मोठ्यांना हे निघायच्या आधी स्पष्ट सांगा, तिथे गेल्यावर नाही.

स्वयंपाकाचं धोरण एकच ठेवा, भांडी कमीत कमी घासायला लागली पाहिजेत. वहिनीने घरूनच दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, मी ठाण्याहून भाजणी, मेतकूट आणि लसणीची चटणी नेलेली (विमानातून खाण्याचं नेताना ते कस्टमला सांगा, ताजी फळं-भाज्या मात्र नेऊ नका). रात्री पिठलं केलं, कांदा घरूनच चिरून डब्यात, एक कढई, एक पळी, संपलं. प्रत्येक साइटला टेबल-बाकडी आणि आगीसाठी लोखंडी कडं असतं. पण पार्कातली वाळकी काडीसुद्धा उचलून जाळायची नाही, लाकडं बाहेरून विकत आणायची, आणि उन्हाळ्यात किंवा वाऱ्यात आगीवर बंदी असू शकते म्हणून गॅसची छोटी शेगडी हवीच. जेवण झालं की खाण्याचं सगळं, अगदी टूथपेस्टसुद्धा, गाडीत बंद. कायोटी, म्हणजे तिकडचे कोल्ह्यासारखे प्राणी, फिरत असतात, रात्री त्यांची कोल्हेकुई अगदी जवळून ऐकू येते, लेक घाबरली नाही, उलट तंबूची चेन उघडून बघायला निघाली होती. त्यांना खायला अजिबात टाकू नका, माणसाच्या खाण्याला सवकलेला प्राणी शेवटी जिवानिशी जातो.

दुपारनंतर वारा सुटतो आणि तो गंमत नाही. खाली माती नाहीये, ग्रॅनाइटची जाड रवाळ वाळू आहे, तंबूबरोबर आलेल्या बारीक खुंट्या त्यात धरतच नाहीत. लांब खुंट्या घ्या आणि दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा, झाडांना नाही, झाडाला काहीही बांधायला मनाई आहे, हॅमॉकसुद्धा. आमची साइट दोन बाजूंनी दगडाच्या आत होती म्हणून तंबू शांत उभा, समोरच्या मोकळ्या साइटवरचं बिचारं जोडपं तासभर कापडाच्या मागे धावत होतं, शेवटी दादा आणि भाचा जाऊन धरून आले. दिवसा २२ अंश आणि पहाटे ५-६, असा फरक असतो. ठाण्यात आपल्याकडे अशी थंडी नसतेच, त्यामुळे टोपी, मोजे, आतून घालायचे गरम कपडे, आणि स्लीपिंग बॅग ० अंशाला चालेल अशी. आईसाठी आम्ही फोल्डिंग खाट नेली, जमिनीवरून उठायचा प्रश्नच मिटला, उंच तंबू असेल तर आत बसते. हवा इतकी कोरडी की पहिल्याच संध्याकाळी ओठ फुटले, व्हॅसलीन न्या, खोबरेल तेल तिथल्या थंडीत दगड होऊन बसतं.

दगडांबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं, आपल्याला डोंगर म्हणजे बसाल्टचे थर, एकावर एक सरळ. इथे तसं काही नाही. १० कोटी वर्षांपेक्षा जास्त काळापूर्वी जमिनीखाली खोलवर वितळलेला खडक थंड होत गेला, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, त्या भेगांतून पाणी झिरपून कोपरे झिजले, आणि मग कधीतरी वरची माती पुरात वाहून गेल्यावर हे गोल धोंडे ढीग रचल्यासारखे उघडे पडले. म्हणजे त्यांचा गोलपणा जमिनीखालीच, पाण्याने झालाय, आज जिथे पिण्याचं पाणी नाही तिथे! संध्याकाळी या धोंड्यांवर ऊन तिरकं पडतं तेव्हा आधी पिवळा, मग केशरी, मग जवळजवळ गुलाबी रंग चढतो, आणि हे तुम्ही आपल्या टेबलापाशी चहा घेऊन बसून बघू शकता. नोव्हेंबरात तिकडे घड्याळं तासभर मागे करतात, त्यानंतर सूर्य पावणेपाचच्या आतच मावळतो, त्यामुळे चारच्या आत तंबू उभा झालेला असू द्या.

आणि ते झाड. ते आपल्या नेहमीच्या लाकडी बुंध्याचं झाड नाहीच, यक्का या वाळवंटी वनस्पतीची जात आहे, आपल्या शतावरीच्या कुळातली. आत वर्षाची वलयं नसतात म्हणून वय उंचीवरून अंदाजाने काढतात, पहिली काही वर्षं सोडली तर वर्षाला जेमतेम दीड इंच वाढतं. त्याचं परागीकरण फक्त यक्काचा पतंग करतो, पतंगाची अळी याच झाडाच्या थोड्या बिया खाऊन जगते, एक गेला तर दुसरा राहणार नाही. म्हणून फोटोसाठी फांदीला लोंबकळणारी मुलं दिसली की जीव तुटतो, ती फांदी यायला दोन पिढ्या लागलेल्या असतात. हे सगळं टिकलं ते मिनर्व्हा हॉइट या साउथ पॅसाडेनाच्या बागप्रेमी बाईंमुळे, मुलगा आणि नवरा गेल्यावर त्यांनी वाळवंटातच मन रमवलं, बॉस्टन, न्यूयॉर्क, लंडनला वाळवंटी झाडांची प्रदर्शनं भरवली, आणि १९३६ साली रूझवेल्टनी ही जागा नॅशनल मॉन्युमेंट म्हणून राखली. नॅशनल पार्क १९९४ मध्ये झालं. साधारण ३,२०० चौ. किमी, आपलं येऊर-बोरिवलीचं जंगल १०४. येऊरसाठी आपल्याकडे जी माणसं वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या आणि सह्या करत बसतात ती मला तिथे फार आठवली.

रात्र. सहा वाजता पूर्ण अंधार. २०१७ पासून हे अधिकृत डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेली जागा, आहे. पश्चिमेला पाम स्प्रिंग्जकडचा उजेड थोडा दिसतो, तिकडे पाठ करून पूर्वेकडे तोंड करून बसा. शर्मिष्ठा वर आलेली, देवयानीतली दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी धूसर ठिपक्यासारखी दिसत होती, पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका आणि त्याखाली रोहिणी, नऊच्या सुमारास मृग पूर्ण वर आला. बाबा होते तेव्हा गावच्या अंगणात आईला त्यांनी ही नक्षत्रं दाखवलेली, आता तीच नातवंडांना बोटाने दाखवत होती, एकही चुकली नाही. भाच्याला तिने सांगितलं की ध्रुव ठाण्यात खाली असतो आणि इथे वर चढलाय, तो म्हणाला आजी असं कसं, मग दादाने समजावलं, ठाणे १९ अक्षांशावर आणि हे ३४ वर, जेवढा अक्षांश तेवढी ध्रुवाची उंची. तांबड्या उजेडाचा हेडलॅम्प न्या, पांढऱ्या टॉर्चने डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, तुमचेही आणि शेजाऱ्यांचेही. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते, स्पीकर घरीच ठेवा, अंताक्षरी घरच्या हॉलमध्ये छान होते. अजून एक, साडेतेरा तासांच्या फरकामुळे ठाण्याहून नुकतं आलेल्या माणसाला पहाटे तीनला जाग येतेच. घरी त्रास होतो, इथे तो पूर्ण सत्कारणी लागतो, व्याध तेव्हा दक्षिणेला सगळ्यात उंच आलेला असतो आणि सगळं कॅम्पग्राउंड गाढ झोपलेलं असतं.

सकाळी चहा-पोहे करून स्कल रॉक, कवटीसारखा दिसणारा दगड. कॅम्पग्राउंडमधूनच पायवाट जाते, आणि ज्यांना चालणं नको त्यांना गाडी थेट रस्त्याकडेला लावून दोन पावलांवर दगड दिसतो, आई तशीच गेली. कीज व्ह्यू ५,१८५ फुटांवर, पायवाट पक्की आणि छोटी, खालच्या कट्ट्यापर्यंत व्हीलचेअरही जाते, समोर खाली सॅन अँड्रियास भूभ्रंशाची, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेची, रेघ आणि हवा स्वच्छ असेल तर सॉल्टन सी हे खारं तळं. रायन माउंटनची चढण जाऊन-येऊन ३ मैल, हजारेक फूट चढ, पोरं आणि दादा गेले, सावली शून्य, सकाळीच करा. चोला कॅक्टस गार्डन खाली पिंटो बेसिनच्या रस्त्याला आहे, कोवळ्या उन्हात ती काटेरी झुडपं आतून पेटल्यासारखी चमकतात. तिथे बंद बूट हवेतच आणि खिशात एक साधा कंगवा ठेवा, चोलाचा गोळा नुसता घासला तरी चिकटतो, हाताने ओढलात की हातात घुसतो, कंगवा मधे घालून झटक्यात उडवायचा आणि राहिलेले काटे चिमट्याने काढायचे. ड्रोन नेऊ नका, सगळ्या नॅशनल पार्कांत बंदी आहे.

जंबो रॉक्सला जागा मिळाली नाही, किंवा आजी-आजोबांना नळ आणि फ्लश हवाच असेल, तर ब्लॅक रॉक किंवा कॉटनवुड बघा, दोन्हीकडे पाणी आहे. ब्लॅक रॉक यक्का व्हॅलीला लागून आहे, काही विसरलं तर दुकान जवळ, आणि तिथे जोशुआची झाडं खूप दाट आहेत, फक्त धोंड्यांचे ते ढीग नाहीत. हिडन व्हॅलीला बुकिंग नसतं, येईल त्याला जागा, आठवड्यातल्या मधल्या वारी सकाळी लवकर पोचलात तर मिळू शकते, पण म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असताना मी त्या भरवशावर निघणार नाही. दिवाळीचा विचार असेल तर सहा महिने आधीच तिकडच्या आपल्या माणसांना फोन करा.