परवाना आहे, पण विमा लागू आहे का?
अमेरिकेत स्वतःचे छोटे विमान बाळगणाऱ्या मित्रांना मी आग्रहाने सांगतो, की वैध परवाना असला म्हणजे विमा लागू होतोच असे नाही. पॉलिसीतल्या वैमानिकविषयक कलमात नाव नोंदवलेले वैमानिक, किंवा एकूण उड्डाणतास, त्याच प्रकारच्या विमानावरचे तास आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचे न दिसताही केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवण्याची पात्रता) यांच्या अटी पूर्ण करणारेच सहसा बसतात. दर 24 महिन्यांचा फ्लाइट रिव्ह्यू (प्रशिक्षकाकडून होणारी वैमानिकाची तपासणी) किंवा वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत उलटली असेल, तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि काही राज्यांत त्या त्रुटीचा अपघाताशी संबंध नसला तरीही. हे मला अन्यायाचे वाटते. चाके आत घेता येणाऱ्या विमानासाठी नवख्याला प्रशिक्षकासोबत काही तास उडवायला लावतात, ती अट मात्र रास्त आहे, कारण चाके बाहेर काढायला विसरून उतरण्याचे प्रसंग खरोखर घडतात.