चार ओळींची ओळख

सोमवार, रात्री

आज आमच्या कलासंस्थेच्या विश्वस्तांच्या ओळखी पुन्हा लिहायला घेतल्या. प्रत्येकी ७० ते ८० शब्द. त्यापुढे कोणी वाचत नाही. जुन्या मसुद्यात पाचांपैकी चौघांना 'लहानपणापासून कलेची ओढ' आहे. ओढ असणारच, नाहीतर बिनपगारी बैठकांना येईल कोण! पण अनुदान देणाऱ्याच्या, काम घेऊन येणाऱ्या चित्रकाराच्या किंवा सभागृह देणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. त्यांना पहिल्या वाक्यातच दोन गोष्टी हव्या असतात: ही व्यक्ती संस्थेत काय सांभाळते, आणि ते काम तिनं आधी स्वतः केलंय का. पदव्या मग. पुरस्कार अगदी शेवटी, तोही एकच.

लिहिण्याआधी तक्ता करायचा. आडव्या ओळींत माणसं, उभ्या रकान्यांत कामं: हिशेब, करारमदार, निधी उभारणी, कलाशाखा, निर्मिती व्यवस्था, शिकवणं, जागा आणि सुरक्षा. काम स्वतः केलं असेल तर २, दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर १, नुसतं ऐकून-वाचून माहीत असेल तर ०. शून्य दिलं की लोक दुखावतात; पण तिथे अर्धा गुण देऊन बघा, सगळे रकाने भरलेले दिसतात आणि तक्ता करण्यात अर्थच राहत नाही. ज्या रकान्यात एकच २ आहे तिथे खरा धोका. तो माणूस आजारी पडला की काम थांबलं. 'कलाशाखा'खाली मात्र २ ची रांग लागलेली असते.

सगळ्यात कमी भाव मिळतो तो बॅकस्टेजच्या अनुभवाला. 'रंगभूमीशी निगडित' एवढ्यावर त्याची बोळवण होते. प्रयोग चालवणाऱ्याची संहितेची वही एकदा जवळून बघावी. एका पानावर संवाद, समोरचं पान कोरं. त्यावर प्रकाशाचा, आवाजाचा, पडद्याचा प्रत्येक इशारा क्रमांकासह, आणि ज्या शब्दावर तो द्यायचा त्या शब्दाखाली रेघ. सगळं पेन्सिलीनं, कारण रंगीत तालमीपर्यंत इशारे सरकत राहतात. प्रत्येक इशाऱ्याआधी 'तयार' ही सूचना वेगळी लिहिलेली. 'घ्या' हा शब्द प्रत्यक्ष इशाऱ्याखेरीज हेडसेटवर कोणी उच्चारायचा नाही. अशी सवय असलेला माणूस संस्थेचं वर्षही तसंच आखतो, उद्घाटनाच्या तारखेपासून मागे येत. छपाईला १० दिवस, त्याआधी मजकूर पक्का, त्याहीआधी कलाकारांची लेखी संमती. असं उलटं मोजलं की एखादं काम खरं तर मागच्याच आठवड्यात सुरू व्हायला हवं होतं, हे पहिल्या बैठकीतच कळतं.

कलादालनात काम केलेल्याची नजर आणखी वेगळी. कागदावरचं चित्र म्हटलं की तो आधी उजेड मोजतो. जलरंगाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास, तैलरंगाला २०० पर्यंत चालतं. आलेलं खोकं तो लगेच उघडू देत नाही. २४ तास तसंच ठेवून खोलीच्या हवेशी जुळू देतो. उघडताना चारही कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचे फोटो, सोबत स्थितीची नोंद, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या. ही नोंद नसली की परतीच्या वेळी चौकटीवरचा ओरखडा कोणाचा यावर वाद होतो, आणि वस्तू आपल्या ताब्यात होती म्हणून आपल्याकडे उत्तर नसतं. विमाही कलाकाराच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत भिंतीवर लागेपर्यंतचा हवा. फक्त प्रदर्शनाच्या दिवसांचा काढला तर सगळ्यात जोखमीची ने-आणच उघडी पडते.

हिशेबाचा माणूस घेतला की संस्था सुरक्षित, असं मानलं जातं. अर्धंच खरं. व्यापारी कंपन्यांतून आलेला लेखापाल दोन ठिकाणी अडखळतो. पहिलं म्हणजे ठरावीक कामासाठी आलेला पैसा. कार्यशाळेचं अनुदान भाड्याला वापरता येत नाही, पण बँकेच्या खात्यात सगळं मिळून एकच आकडा दिसतो. त्यातून अनुदान हप्त्यांनी येतं: समजा ४०, ४० आणि अहवाल दिल्यावर २० टक्के. मानधनं आणि सभागृहाचं भाडं तोवर देऊन झालेलं असतं. वर्षअखेर ताळेबंदात शिल्लक आणि मधले दोन महिने खात्यात खडखडाट, हे एकाच वर्षात होऊ शकतं. म्हणून १२ महिन्यांचा रोख आवक-जावक तक्ता, दर महिन्याला नव्यानं, आणि बंधन असलेला पैसा वेगळ्या रकान्यात. दुसरी अडचण खर्च बघण्याच्या सवयीची. चार वादकांच्या रचनेला आजही चारच वादक आणि तितकीच मिनिटं लागतात. इतर धंद्यांत यंत्रांमुळे तासाचं उत्पादन वाढतं, पगार वाढतात, आणि वादकांचं मानधनही त्यांच्यामागे चढतं. विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी हे १९६६ मध्येच मांडलं होतं. ज्याला हे ठाऊक नाही तो खजिनदार खर्च का वाढला म्हणून दरवर्षी दोषी शोधत बसतो.

विश्वस्त असलेल्या कलाकारांबद्दल थोडक्यात. स्वतःचा वेळ ते अंदाजपत्रकात धरत नाहीत. पुढच्या वर्षी तेच काम दुसऱ्याला द्यायचं ठरलं की पैसे नसतात. आणि स्वतःचं काम निवडीला आलं तर त्यांनी खोलीबाहेर जायचं, तशी नोंद इतिवृत्तात करायची. 'मी मत देत नाही' म्हणून तिथेच बसून राहिलं तर बाकीचे मोकळेपणानं बोलत नाहीत.

मनात राहून राहून ब्लॅक माउंटन कॉलेज येतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातली, कलेला मध्यवर्ती स्थान देणारी ही छोटी शिक्षणसंस्था १९३३ मध्ये सुरू झाली, कारभार शिक्षकांच्याच हाती. संस्थापकांतले जॉन अँड्र्यू राइस अभिजात भाषांचे प्राध्यापक. बाउहाउस ही जर्मनीतली कला आणि डिझाइनची शाळा बंद पडल्यावर तिथले चित्रकार-शिक्षक योसेफ आल्बर्स इथे शिकवायला आले. खजिनदारी आणि देणग्या मिळवणं हे काम बरीच वर्षं थिओडोर ड्रायर यांच्याकडे होतं, शिकवायचे भौतिकशास्त्र. १९४९ मध्ये आल्बर्स आणि ड्रायर दोघंही गेले. शेवटची वर्षं कवी चार्ल्स ओल्सन यांनी ओढली आणि १९५७ मध्ये पैशांअभावी संस्था बंद झाली. 'कवीच्या हाती कारभार दिला की असंच' हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. पैशांची तंगी तिथे कायमच होती. देणगीदारांच्या ओळखी ज्याच्याजवळ आहेत तो गेल्यावर मागे काय उरतं, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. त्यावरचा उपाय साधाच आहे: देणगीदाराला भेटायला नेहमी दोघांनी जायचं, आणि काय बोलणं झालं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

झोपायच्या आधी खजिनदारांची ओळख एवढी झाली: "संस्थेचे हिशेब आणि अनुदानांचे अहवाल पाहतात. याआधी ९ वर्षं एका नाट्यसंस्थेच्या दौऱ्यांचे खर्च, मानधनं आणि वाहतूक सांभाळली. करारांचा अनुभव नाही. ते काम सध्या बाहेरच्या वकिलांकडून होतं."

२६ शब्द. तिसरं वाक्य ठेवायचं का, ते उद्या त्यांनाच विचारायचं. अनुदानाच्या अर्जात तरी ते राहू द्यावं असं वाटतं.