मालधक्का 1:87 – भिंती उभ्या, पत्रे अर्धे चढले

माझ्या रेल्वे मालधक्क्याच्या मॉडेलचं काम मागच्या वेळी जोत्यापर्यंत आलं होतं, आता भिंती उभ्या राहिल्यात, कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) बसल्यात आणि छपराचा रुळाकडचा अर्धा भाग पत्र्यानं झाकलाय. नवीन कुणी वाचायलं असंल तर थोडक्यात सांगतो, मॉडेल 1:87 चं, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान, आणि लेआउट (मॉडेल रेल्वेचा मांडलेला देखावा) बार्शी लाईटचा आहे, म्हणजे आपली कुर्डुवाडी-बार्शी-लातूर नॅरोगेज, स्टेशन मात्र काल्पनिक, येडशी आणि मुरूडच्या मधे कुठंतरी आहे असं धरा, काळ 1954 नंतरचा, म्हणजे लाईन सरकारनं ताब्यात घेतल्यावरचा. नॅरोगेजच्या दोन रुळांमधलं अंतर 762 मिमी, त्याला 87 नं भागलं की 8.76 येतं आणि एन गेज ह्या छोट्या मॉडेलचा तयार रूळ 9 मिमीचा, म्हणजे पाव मिलिमीटरचा फरक, तो कुणाच्या बापाला दिसत नाही. ब्रॉडगेजवाल्या भावांचं दुःख माहितीय मला, 1676 ला 87 नं भागलं की सव्वाएकोणीस येतं आणि बाजारात रूळ मिळतो साडेसोळाचा. ह्या बाबतीत आपून नशीबवान.

तयार किट का घेतलं नाही असं बऱ्याच जणांनी विचारलं. किटं चांगली असतात हो, पण ती बहुतेक युरोपातली, बर्फ घसरून पडावा म्हणून छपराला उभा उतार, भिंती लाकडाच्या, आणि खाली गाडी लावायला जागा म्हणावी तर ती घोड्याच्या गाडीच्या हिशोबानं. लातूरच्या बाजूला लाकडी भिंतीचं गुदाम ठेवलं तर कुणीही हसंल. काळा दगड, वर पत्रा, धक्क्यावर शहाबादी फरशी, आपल्याकडचा मालधक्का म्हणजे हे, आणि हे कुठल्याच खोक्यात मिळत नाही.

कागदावर पेन्सिल टेकवायच्या आधी एक ठरवलं होतं, हा धक्का भिंतीपासून काढायचा नाही, पोत्यापासून काढायचा. पोतं बैलगाडीतून उतरतं, काट्यावर जातं, थप्पीला लागतं आणि दुसऱ्या बाजूनं डब्यात चढतं. एवढा रस्ता नीट जमला की मग दरवाजा किती रुंद, धक्का किती उंच, छपराची वळचण किती बाहेर, हे सगळं आपोआप ठरतं. आमच्या गल्लीतल्या आबांनी उभा जन्म मोंढ्यात हमाली केलेली, त्यांना नुसता कार्डबोर्डचा साचा दाखवला तर पहिला प्रश्न काय, "फळी कुठं टाकायची रे?" बरोबर आहे, धक्का आणि डबा ह्यांच्या मधे फट असती, त्यावर फळी टाकून पोतं न्यायचं, फट जास्त झाली तर फळी वाकती आणि कमी ठेवली तर इंजिन घासतं.

आता डब्याचं माप. बार्शी लाईटचा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, त्यानं मालाचे सगळे डबे एकाच सांगाड्यावर बसवले होते, 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद. रूळ दर यार्ड लांबीला 30 पौंड वजनाचा, म्हणजे हलका, आणि कुठल्याच चाकाच्या जोडीवर 5 टनापेक्षा जास्त भार नको असा हिशोब, इंजिन असो की डबा. (ह्याच माणसानं पुढं पॅराशूट बनवली, काय डोकं असंल बघा.) 1:87 मधे तो डबा साडेसत्त्याऐंशी मिमी लांब आणि साडेचोवीस मिमी रुंद येतो. माझे डबे कपलिंगसकट 97 मिमी होतात, म्हणून दोन दरवाज्यांच्या मध्यामधलं अंतरही 97 च ठेवलं, म्हणजे दोन डबे लावले की दोन्हीची दारं गुदामाच्या दारासमोर येतात, पुढंमागं ढकलायची गरज नाही. दारं दोन, म्हणून लांबी 200 मिमी, रुंदी 84, म्हणजे खऱ्यात साधारण 57 फूट बाय 24. खरी गुदामं ह्याच्यापेक्षा लांब असायची पण माझ्या लेआउटच्या फळीवर एवढीच जागा, आणि घरच्यांनी जेवायचं टेबल द्यायला नकार दिलाय.

रुळाच्या मध्यापासून धक्क्याची कड 16 मिमीवर आहे. डब्याची अर्धी रुंदी सव्वाबारा, म्हणजे फट पावणेचार राहती, खऱ्यात फूटभर, फळी आरामात टाकता येती. मात्र हे सरळ सायडिंगला (मुख्य लाईनच्या बाजूच्या रुळाला) चालतं, वळणावर कुणी धक्का करणार असंल तर आधी सगळ्यात लांब गाडी नेऊन बघा, बार्शी लाईटचे पॅसेंजर डबे 40 फुटी होते, म्हणजे आपल्याकडं 140 मिमी, त्यांचं पोट वळणावर चांगलंच आत येतं. उंचीसाठी ब्रॉडगेजचा 1065 मिमीचा आकडा घेऊ नका, इथले डबे बुटके, सरळ आपला डबा रुळावर उभा करून त्याच्या तळाची उंची मोजा आणि धक्का त्याच्यापेक्षा नखभर खाली ठेवा म्हणजे दार उघडताना अडकत नाही.

मधेच एक गंमत सांगतो, 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती आठवतंय ना, ती आली ती जुन्या बार्शी लाईटच्याच मार्गानं, ब्रॉडगेज झालेल्या. पहिल्या खेपेला 10 टँकर आणि 5 लाख लिटर, म्हणजे 500 टन पाणी. आता चाकाच्या जोडीला 5 टन धरले तर नॅरोगेजच्या चार जोड्यांच्या डब्याला सगळं मिळून 20 टन. डब्याचं स्वतःचं वजन शून्य धरलं तरी 25 डबे लागले असते. मी हा हिशोब घरी सांगितला तर कुणी ऐकूनच घेतला नाही, म्हणून इथं लिहायलोय.

भिंती सनबोर्डच्या. फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात 5 मिमीचे तुकडे पडलेले असतात, चहा पाजला की पिशवीभर देतात. 5 मिमी म्हणजे खऱ्यात 43 सेंटीमीटर, दगडी भिंतीला एकदम बरोबर जाडी, त्यामुळं दाराच्या चौकटीत भिंतीची खोली दिसती ती खरी वाटती. दगड कोरायला रिफिल संपलेला बॉलपेन, थर तीन-तीन मिमीचे, कोपऱ्याचे दगड जरा मोठे आणि एक आड एक आडवे-उभे. एक लक्षात ठेवा, दगडाच्या उभ्या दरजा (दोन दगडांमधले सांधे) एकाखाली एक येऊ द्यायच्या नाहीत, गवंड्याला दाखवलं तर तो पहिलं तेच बघतो. रंगाला सरळ काळा लावू नका, आपला काळा दगड काळा नसतोच, राखाडी, त्यात थोडा निळा, थोडा तपकिरी. मी राखाडी बेस देऊन मग सुटे सुटे दगड तीन वेगळ्या छटांनी रंगवले, कंटाळवाणं काम, रेडिओ लावून बसायचं. शेवटी पातळ पांढुरका रंग सगळीकडं फिरवून ओल्या फडक्यानं पुसला की तो फक्त दरजांत राहतो, चुन्यानं भरल्यासारखा.

कैच्या कार्डाच्या. लग्नपत्रिकेचा जाड कागद घेतला, दीड मिमीच्या पट्ट्या, वर फेविक्विक पाजलं की ती पट्टी लोखंडासारखी कडक होती. पाच कैच्या, सगळ्या एकाच साच्यावर, साचा म्हणजे चौकटीच्या वहीच्या कागदावर काढलेलं चित्र आणि वर पारदर्शक टेप. कोण बघणार आतून असं म्हणाल, पण दारं उघडी ठेवायचीत आणि आत दिवा टाकायचाय, मग दिसणारच.

आता पत्रा, ह्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त मजाही आली. पन्हाळी पत्र्याची एक पन्हाळ साधारण 3 इंच, म्हणजे 76 मिमी, 1:87 मधे 0.87. हार्डवेअरच्या दुकानात पाच मिमीचा आटे पाडलेला रॉड मिळतो त्याच्या आट्याचं अंतर 0.8 मिमी, ह्याच्यापेक्षा जवळचं काही शोधूनही सापडायचं नाही. पार्सलच्या जेवणाचा अल्युमिनियमचा डबा कापायचा, तळाचा सपाट भाग घ्यायचा, खाली जुना माउसपॅड, आणि वरून तो रॉड दोन्ही हातानं दाबून लाटण्यासारखा एकदाच फिरवायचा. एकदाच, परत मागं आणायचा नाही, नाहीतर दुहेरी रेषा उठतात. आटा तिरपा असतो म्हणून पन्हाळीही तीनेक अंश तिरप्या उमटतात, घाबरू नका, पत्रा कापताना पट्टी तुकड्याच्या कडेला लावायची नाही, पन्हाळीला लावायची, मग सगळं सरळ येतं.

एकच मोठा पत्रा टाकायचा मोह होतो पण तो टाळा, छप्पर मग खेळण्यातलं दिसतं. आठ फुटी पत्रा 28 मिमी लांब, रुंदी सव्वानऊ, असे सुटे तुकडे कापून खालच्या ओळीपासून सुरुवात, वरची ओळ खालच्यावर पावणेदोन मिमी चढवायची, बाजूला दीड पन्हाळ. पाणी जसं वाहतं तसंच लावायचं. रुळाकडं वळचण 21 मिमी बाहेर काढलीय, फट आणि डब्याचा निम्म्याहून जास्त भाग झाकला जातो, पावसात पोतं भिजायला नको. बैलगाडीच्या बाजूलाही तेवढीच. चिकटवायला फेव्हिकॉल एसआर, साधा फेव्हिकॉल धातूला धरत नाही.

गंजासाठी महागडे पावडर मागवू नका राव, किराणा दुकानातला गेरू घ्या, तो मुळात लोखंडाचा गंजच. आधी पत्र्यावर मॅट प्रायमर, मग राखाडी, मग कोरडा गेरू जुन्या ब्रशनं वरून खाली ओढायचा, खिळ्याच्या जागी आणि जोडाला जरा जास्त. दोन-तीन पत्रे मुद्दाम नवेकोरे ठेवलेत, कुठल्याही जुन्या छपरावर बदललेले पत्रे असतातच.

जमिनीला काळी माती वापरायची होती, शेतातलीच आणली, तव्यावर भाजून मैद्याच्या चाळणीतून काढली. पण काळी माती वाळली की आक्रसती आणि भेगा पडतात हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, म्हणून ती फक्त कुंपणापलीकडं, तिथं भेगा शोभतात. धक्क्याभोवती मुरूम चाळून टाकला, पाणी मिसळलेला फेव्हिकॉल आणि त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, सिरिंजनं सोडला. बैलगाडीच्या चाकोऱ्या ओलं असतानाच उमटवल्यात.

पोती एमसीलची. रिकामं पोतं साधारण 94 बाय 57 सेंटीमीटर, भरल्यावर आखडतं, म्हणून मी 9 बाय 6 मिमी धरलं. ओलं असतानाच गॉझपट्टीवर दाबलं की तागाची वीण उमटती. थप्पी कशी लावायची ते आबांनी काड्यापेट्या मांडून दाखवलं, एक थर आडवा एक थर उभा, आणि वरचा थर जरा आत. "सरळ सरळ रचलीस तर अंगावर येईल," म्हणले. आता तूर आहे की ज्वारी हे पोत्यावरून कळत नाही म्हणून एका पोत्याचं तोंड उघडं ठेवून त्यात मोहरी कुटून टाकली, डाळ म्हणून खपून जायलीय.

राहिलेलं काम सांगतो, बैलगाडीकडच्या बाजूचे पत्रे, सरकती दारं, काटा, आणि कोपऱ्यात माल बाबूची खोली. दारं खरंच सरकवायचा विचार आहे, वर अर्ध्या मिमीची तार आणि दाराला तारेचेच आकडे, पण खाली दार झुलतंय, त्याला जोत्यात खाच मारावी की आतून कोपराची पट्टी द्यावी हे ठरत नाही. कुणी 1:87 मधे सरकतं दार केलं असंल तर फोटो टाका, आणि दाराची जाडी किती ठेवली तेही लिहा.