मग धुते

वैशाखातली दुपार. लाइट गेलेली, कूलर मुका, आणि दाराला लावलेला ओला पडदा अर्ध्या तासात वाळून पापडासारखा कडक. सुटीत पुण्याहून आलेली भाची टेबलावरचा माझा मग उचलून खिडकीशी घेऊन गेली. आत डोकावली.

"मावशी, हा शेवटचा कधी धुतला होतास?"

"धुते की."

"पण कधी?"

"मग."

मराठीत ही एक मोठी सोय आहे. भांड्याचं नाव आणि ते धुवायची वेळ, दोन्ही एकाच शब्दात. भांडं इंग्रजांनी दिलं, टाळाटाळ आपली होतीच.

मी पण उठून मगात पाहिलं. तळाशी काळसर चकती आणि तिच्यावर एकावर एक वर्तुळं, बाभळीचं खोड आडवं कापल्यावर दिसतात तशी. सगळ्यात वरचं फिकट, ते आजचं. त्याखालचं कालचं. त्याच्याही खाली केव्हाचं होतं ते मी भाचीला सांगितलं नाही. मग भद्रावतीच्या ग्रामोदय संघातून आणलेला; बाहेरून कॉफीच्याच रंगाचा, आतून पांढरा. म्हणजे आणला तेव्हा पांढरा होता.

माझी बाजूही ऐकून घ्या. रक्तात साखर निघाल्यापासून मी कोरी, बिनसाखरेची कॉफी पिते. या मगाला माझ्याशिवाय कुणाचं तोंड लागत नाही. रोज सकाळी त्यात उकळतं पाणी पडतं. दूध नाही, साखर नाही, मग त्यात नासायला आहे काय? दुधाच्या कपाची गोष्ट वेगळी. विदर्भातल्या उन्हाळ्यात ४५ अंशांत दुधाचा कप तासभर पडला की आंबूस वास सुटतो, मुंग्यांची रांग लागते, आणि काठावर वाळलेली साय नखाने खरवडावी लागते. दुधाचा कप तोंडावेगळा केला की लगेच मोरीत. त्यात वाद नाही. पण कोरीला एवढी घाई कशाला? मी विसळते.

"विसळणं म्हणजे धुणं नाही," भाची म्हणाली.

हे मात्र खरं. आपल्याकडे भांडी घासतात, कपडे धुतात, पेला विसळतात, आणि पाहुणे अगदी दारात असले तर खंगाळतात. चार क्रियापदं, चार प्रकारची सदसद्विवेकबुद्धी. एसटी स्टँडवरचा चहावाला यातलं एकही वापरत नाही. तो ग्लास 'बुचकळतो'. एका बादलीत सकाळपासून शंभर ग्लास बुडतात, वर येतात, आणि आपण चहा फुंकून फुंकून पितो. जणू फुंकरीने सगळं निघून जातं.

मगातल्या त्या तपकिरी रंगाला मी घाण मानत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे माझ्या आळसाला शास्त्रीय आधार असतो. चहा-कॉफीत टॅनिन असतात, ती चिनी मातीला धरून बसतात. पाणी जड असलं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असले, की दोघांची मिळून साय धरते. आणि पाण्याचं आम्हाला कुणी सांगू नये. आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. वर काळी कसदार जमीन, खाली खारं पाणी. विहीर खणली तर पाणी लागायचं, पण ते तोंडात धरवायचं नाही. त्यात तुरीची डाळ किती उकळली तरी दाणा दाण्याला सोडून राहायची. साबणाला फेस येत नसे. घासलेलं भांडं तसंच वाळू दिलं तर त्यावर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग. म्हणून आमची आजी प्रत्येक भांडं घासून झाल्यावर जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसायची. पुसलं नाही तर घासलेलं वाया, हे तिचं म्हणणं. परगावाहून आलेल्या सुनांना हे उमगायला वर्ष लागायचं.

पुढे शहानूर धरणाचं पाणी नळाने घरात आलं आणि डाळ शिजायला लागली. शहानूर गाविलगडाच्या डोंगरातून उतरते. त्याच रांगेत वर चिखलदरा. महाराष्ट्रात कॉफीची झाडं पाहायची तर तिथेच जावं लागतं, हजार मीटरच्या वर, मोठ्या झाडांच्या सावलीत. आम्ही शाळेची सहल नेली होती तेव्हा एका पोराने लाल फळ तोडून चावलं आणि म्हणाला, "बाई, हे तं गोड हाये. मंग कापी कडू काहून असते?" त्याला तेव्हा काय उत्तर दिलं आठवत नाही. बहुधा रांगेत उभं राहायला सांगितलं असावं.

कॉफी लहानपणी आमच्या घरी ताप आला तरच मिळे. किंवा मुंबईचे काका आले तर. ती म्हणजे खरं तर जायफळ घातलेलं गोड दूध, कॉफी नावापुरती. गंजात, म्हणजे पातेल्यात, दूध उकळायचं, आणि डब्यातली पूड चिमटीने मोजून टाकायची. त्यामुळे अजूनही कॉफीचा वास आला की मला कपाळावर ओली पट्टी असल्यासारखं वाटतं.

भाचीने तोवर स्वयंपाकघरात प्रयोगशाळा मांडली होती. मगात खायचा सोडा टाकला, वरून अर्धं लिंबू पिळलं. फस्सकन फेस वर आला, ओट्यावर सांडला, आणि ती टाळ्या पिटत म्हणाली, बघ, निघतंय! निघत काही नव्हतं. आम्ल आणि अल्कली एकमेकांना भिडून संपले, मगात उरलं खारट पाणी. म्हणजे खारपाणपट्ट्यात आणखी थोडी भर. मी तिला मग खरी रीत सांगितली. सोडा चिमूटभर घ्यायचा, चार थेंब पाण्यात कालवून मगाला आतून फासायचा, पाव तास विसरून जायचं आणि बोटाने चोळायचं. बोटानेच. तारेची घासणी चिनी मातीला लावायची नाही. वरचा काचेसारखा थर एकदा ओरखडला की डाग त्या चऱ्यांत जाऊन बसतो, आणि मग तो तुमच्यापेक्षा जास्त वर्षं त्या घरात राहतो. पांढरा क्षार असेल तर लिंबू, पण वेगळं, सोड्यासोबत नाही. आणि ओट्यावर चोवीस तास ओला पडलेला तो स्पंज! त्याचा वास एकदा घेऊन बघ म्हटलं, मग माझ्या मगाला नावं ठेव. तिने वास घेतला. स्पंज गेला उकिरड्यावर.

"एवढं सगळं येतं तर मग करत का नाहीस?"

येणं आणि करणं यांत पाव तासाचं अंतर आहे, तो पाव तास कुणी द्यावा?

आजीला हा सोडा-बिडा माहीत नव्हता. तिच्याकडे राख. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या जळायच्या, सकाळी त्यांची राख फुटक्या मडक्यात भरून न्हाणीच्या कोपऱ्यात. पितळेला जाडीभरडी चालायची. कपांसाठी ती राख फडक्यातून चाळून घ्यायची, कचकच राहू नये म्हणून. घासायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. राखेतही क्षारच, काम सोड्याचंच, फक्त पुडीवर छापील नाव नाही. न्हाणीत उकिडवी बसून आजी कप असा फिरवायची की कुंभाराने पाहावं. तरी सहा-आठ महिन्यांत कप आतून पिवळे पडतच. दिवसातून पाच वेळा चहा, घरात अकरा माणसं, येणारे-जाणारे वेगळे. राख तरी किती पुरणार?

कपांचीही घरात उतरंड होती. सोनेरी काठाचे सहा कप कपाटात, जावई आणि तहसीलदार यांच्यासाठी. रोजचे फुलाफुलांचे, फळीवर. कान तुटला की कप पोरांच्या दुधाला. आणि त्यातला एक, कान तुटलेला आणि काठाला टवका गेलेला, सपरीच्या, म्हणजे पडवीच्या, बाहेरच्या कोनाड्यात पालथा. तो आमच्या सालदाराचा, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याची नातवंडं हे वाचतील. मी सात वर्षांची, म्हणजे १९७३ साल. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. तो पन्नाशीचा असेल. मी त्याला 'अरे' म्हणायचे, तो मला 'बाई' म्हणायचा.

गोठ्यातलं काम आटोपून तो सपरीच्या पायरीखाली उभा राहायचा. कोनाड्यातून कप काढायचा, फुंकर मारून धूळ उडवायचा. कधी आत कोळ्याचं जाळं असे, कधी कोंबडीचं पीस. मग अंगणातली चिमूटभर माती घेऊन कप आतून-बाहेरून चोळायचा आणि हात पुढे करायचा. माझं काम गडूने वरून पाणी ओतायचं. गडू कपाला लागू द्यायचा नाही, हे मला कुणी कधी शिकवलं ते आठवत नाही; येत होतं एवढं खरं. मग आजी गंजातून वरूनच चहा ओतायची. तो उकिडवा बसून, आमच्याकडे पाठ करून प्यायचा. पिऊन झालं की पुन्हा माती, पुन्हा माझं पाणी, आणि कप पालथा कोनाड्यात.

त्या कपाला आतून एक डाग नव्हता. पांढराशुभ्र, सोनेरी काठाच्या कपांपेक्षाही. मला ते खुपलं. एकदा आजीला विचारलं, "आपले कप पिवळे अन् त्याचा पांढरा, असं काहून?"

आजी राख चाळत होती. वर न बघता म्हणाली, "तुमचे कप मी घासतो. थो त्याचा सोता घासते. दोन-दोनदा."

मला वाटलं, ती त्याची स्तुती करते आहे. कदाचित करतही असेल.

पुढे तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. विज्ञानाबरोबर नागरिकशास्त्रही अंगावर यायचं. घटनेचं कलम १७ पोरांकडून पाठ करून घेतलं: अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, एक गुण. मी त्याला पाणी ओतत होते तेव्हा ते कलम लागू होऊन तेवीस वर्षं झाली होती. आणि त्या तीस वर्षांत, फळ्यासमोर उभं असताना, एकदाही तो कप मला आठवला नाही. आज आठवला, भाचीने मगात डोकावून तोंड वाकडं केलं म्हणून.

सपरी पाडली तेव्हा कोनाडाही गेला. कपाचं काय झालं, भावाला फोन करून विचारावं असं मनात आलं. पण काय विचारू? त्याला तो कपच आठवणार नाही. कप घासायचं काम त्याच्याकडे कधीच नव्हतं.

चारच्या सुमाराला लाइट आली. कूलरने दोन-तीन गरम सुस्कारे टाकले आणि फिरायला लागला. पाव तास केव्हाच होऊन गेला होता. सोडा मगात वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, आमच्या शेताला पडतात तशा.

"मावशी, मग?" भाची म्हणाली. तिला भांडं म्हणायचं होतं की पुढे काय असं विचारायचं होतं, कळलं नाही. तिने नळाकडे हात नेला होता.

"राहू दे," म्हटलं, "मी धुते."