सीबीआर २५०आर (२०१२): कोन सेट झाला, टॅपेट झाले, प्रो-लिंक बाकी

होंडाची सीबीआर २५०आर भारतात २०११ला आली. ७६ बाय ५५ मिलिमीटरचं एकच सिलिंडर, डीओएचसी (हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट), चार व्हॉल्व्ह, वॉटर-कूल्ड. पुणे-गोवा एका दमात करायला आजही पुरेशी गाडी आहे. वेळेवर ऑइल बदललेलं असेल तर तिचं इंजिन सहसा दगा देत नाही. वयाने जातं ते इंजिनाभोवतीचं: वाळलेलं ग्रीस, कडक झालेलं रबर, हिरवे पडलेले कनेक्टर, पाणी प्यालेलं ब्रेक ऑइल. त्यामुळे हेड उघडायचे विचार बाजूला ठेवून काम पुढच्या चाकापासून सुरू केलं. गाडी २०१२ची, साधी, म्हणजे सी-एबीएस (पुढचे-मागचे ब्रेक जोडलेलं एबीएस) नसलेली. सी-एबीएसवाल्या गाडीत मागचं पेडल पुढच्या कॅलिपरलाही दाब देतं आणि ब्लीडिंगचा, म्हणजे ब्रेक लाइनमधली हवा काढण्याचा, क्रम वेगळा असतो. तुमच्याकडे ती असेल तर ब्रेकपुरतं सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवूनच काम करा.

कोन सेट

कोन सेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगची जोडी. या मॉडेलची सगळ्यांत ओळखीची तक्रार हीच. मूळ बेअरिंग छर्ऱ्यांचं आहे, वर एक आणि खाली एक. खराब रस्ते, कंपनीतून आलेलं जेमतेम ग्रीस आणि प्रेशर वॉशरचा फवारा एकत्र आले की खालच्या वाटीत छर्ऱ्यांचे खड्डे पडतात. पुढचं चाक हवेत उचलून हँडल एका बोटाने हळू फिरवा. सरळ रेषेत आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडलं तर बेअरिंग गेलं. नट घट्ट करून हा दोष जात नाही, उलट खाच आणखी खोल होते. ब्रेक मारल्यावरची 'टक' मात्र नीट तपासा, कारण ती फोर्कच्या झिजलेल्या बुशमधूनही येते. खालचा योक (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणारी पट्टी) फ्रेमला जिथे टेकतो त्या फटीवर बोट ठेवा आणि पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवा. हालचाल बोटाखाली जाणवली तर कोन सेट, खाली नळीच्या तोंडाशी जाणवली तर बुश.

गाडी कशावर उभी करायची हा पहिला प्रश्न. पुढचा पॅडॉक स्टँड स्टेमच्या, म्हणजे योकच्या मधल्या दांड्याच्या, भोकात बसतो आणि इथे तर स्टेमच काढायचा आहे, म्हणून तो चालत नाही. इंजिनाखाली जॅक लावताना सायलेन्सरच्या पाइपवर भार येता कामा नये. मागे पॅडॉक स्टँड लावून पुढची फ्रेम वरच्या हुकाला रॅचेट पट्ट्याने टांगणं सगळ्यांत सुरक्षित.

चाक आणि मडगार्ड काढा. कॅलिपर तारेने बांधून ठेवा, होजवर लोंबकळू देऊ नका. फोर्कच्या नळ्या वरच्या योकमधून किती वर आहेत ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा, मगच क्लॅम्प ढिले करा. वरच्या योकला इग्निशन स्विचची वायर असते, तिला ताण न देता योक बाजूला बांधा. खाचांच्या नटासाठी सी-पानाच (खाचेत अडकणारा हुकाचा पाना) वापरा. छिन्नीने ठोकलेला नट पुढे नीट टॉर्क घेत नाही. लॉक वायसरची दुमडलेली पाकळी पुन्हा वापरू नका, नवा वायसर घ्या.

फ्रेममधल्या वाट्या उलट बाजूने लांब सळई घालून, आलटून पालटून ठोकत काढायच्या. सळईला टेकायला कड उरली नसेल तर वाटीच्या आतल्या बाजूने वेल्डिंगचा एक पातळ थर फिरवायचा. थंड होताना वाटी आकसते आणि हलक्या ठोक्याने सुटते. त्याआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं आणि ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढायलाच हवेत. स्टेमवरची खालची रेस (बेअरिंगचं कडं) छिन्नीने दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचलावी लागते. तेव्हा वरच्या आट्यांवर जुना नट चढवून ठेवा.

बदली म्हणून टेपर रोलर बेअरिंग घातलं. छर्रा वाटीला एका बिंदूवर टेकतो, रोलर पूर्ण रेषेवर टेकतो. भार पसरतो, म्हणून खड्डे पडायला वेळ लागतो. मापासाठी जुन्या रेस आणि वाट्या बेअरिंगच्या दुकानात घेऊन जा, पुण्यात असाल तर नाना पेठेत. आतला आणि बाहेरचा व्यास जुळला की काम झालं असं मात्र नाही, जाडीही मोजून घ्या. टेपरची जोडी जाड निघाली तर वरच्या नटाला आटे कमी मिळतात आणि डस्ट सील नीट बसत नाही.

नव्या वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि जाड वायसर लावून आट्यांच्या लांब सळईने ओढून बसवल्या. वाटी तळाला टेकली की सळईचा नट एकदम जड होतो. त्यानंतर वाटीवर हातोडीने हलकं ठोकलं तर बद्द आवाजाऐवजी खणखणीत आवाज येतो. वाटीच्या मागच्या कडेला कुठेही फट दिसत असेल तर पुढे जाऊ नका. ग्रीस पाणी न धरणारं, लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ प्रतीचं (मध्यम घट्ट) घ्या. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायचं, रोलरच्या मधून ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. वरून लेप देऊन भागत नाही.

खरी परीक्षा प्रीलोडची, म्हणजे बेअरिंग किती आवळायचं त्याची. नट आधी जरा जास्त घट्ट करा, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवा, पूर्ण ढिला करा आणि मग प्ले जाईपर्यंतच आवळा. केबल आणि वायरी मोकळ्या असतील तर मधोमध ठेवलेलं हँडल बोटाच्या धक्क्याने टोकापर्यंत पडलं पाहिजे आणि फोर्क मागेपुढे ओढल्यावर कुठेही हालू नये. टेपर बेअरिंग जास्त आवळलं की कमी वेगात गाडी सरळ चालत नाही, डावी-उजवी भटकते. बऱ्याच जणांना टेपर बेअरिंग आवडत नाही त्याचं कारण बेअरिंग नसून हाच नट असतो. वरचा मोठा नट आवळल्यावर प्रीलोड थोडा वाढतो, म्हणून तपासणी शेवटी पुन्हा करायची. ५०० किलोमीटरनंतर आणखी एकदा, कारण वाट्या तोवर पक्क्या बसलेल्या असतात.

फोर्क

नळ्या निघालेल्याच होत्या, त्यामुळे सील आणि ऑइल याच वेळी. सीलच्या कामात गंजाचा ठिपका हा खरा शत्रू. ३७ मिलिमीटरच्या नळीवर नखाला लागणारा ठिपका राहिला तर नवं सीलही पहिल्या पावसाळ्यात गळतं. १५०० नंबरचा वॉटर पेपर ऑइलमध्ये भिजवून नळीभोवती आडवा फिरवा, उभा कधीच नाही. ऑइलची पातळी स्प्रिंग बाहेर आणि नळी पूर्ण दाबलेली असताना मोजायची. दोन्ही पायांतली पातळी तंतोतंत सारखी असणं हे एकूण किती मिलिलिटर ओतलं त्यापेक्षा महत्त्वाचं.

टॅपेट

टॅपेट म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधल्या फटीचं (गॅपचं) सेटिंग. इंजिन पूर्ण गार हवं, म्हणजे आदल्या रात्रीपासून बंद. साइड फेअरिंग आणि टाकी काढल्याशिवाय हेड कव्हरपर्यंत हात पोचत नाही. डाव्या बाजूच्या टोपणातून क्रँक घड्याळाच्या उलट फिरवा, टी खूण (पिस्टन वरच्या टोकाला) जुळवा आणि रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे हात) मोकळे हालतात ना ते पाहा. हालत नसतील तर पिस्टन एक्झॉस्टच्या टोकाला आहे, आणखी एक पूर्ण फेरा द्या. गॅप इनटेकला ०.१६ आणि एक्झॉस्टला ०.२७ मिलिमीटर, दोन्हीकडे ०.०३ची सूट.

या गाडीत इनटेक ०.१५ आणि ०.१६ निघाले, हात लावला नाही. एक्झॉस्ट ०.२२ आणि ०.२३, म्हणजे दोन्ही मर्यादेखाली. वयाबरोबर व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसतो आणि गॅप कमी होतो, त्यामुळे असं इंजिन आवाज करत नाही, उलट गप्प होतं. 'टॅपेटचा आवाज येत नाही म्हणजे सेटिंग बरोबर' या समजुतीवर बरेच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाले आहेत. गॅप संपला की व्हॉल्व्ह सीटला पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि कड जळते. आधी लक्षण दिसतं ते गरम इंजिन सुरू होताना आणि आयडलिंगला.

होंडाने इथे फार चांगलं काम करून ठेवलंय. कॅम आणि व्हॉल्व्हच्या मध्ये रोलर रॉकर आहे. तो बाजूला सरकवला की शिम (गॅप ठरवणारी पातळ चकती) चुंबकाने उचलता येते, कॅमशाफ्ट काढावी लागत नाही. त्याआधी चेनच्या बोगद्यात आणि प्लगच्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा. हिशेब असा: जुनी शिम अधिक मोजलेला गॅप वजा हवा असलेला गॅप. पहिल्या व्हॉल्व्हला १.९०० + ०.२२ − ०.२७ = १.८५०, थेट मिळाली. दुसऱ्याला १.८७५ + ०.२३ − ०.२७ = १.८३५, आणि शिमा ०.०२५च्या टप्प्यात येतात. १.८५० घातली तर गॅप ०.२५५ राहतो, १.८२५ घातली तर ०.२८. एक्झॉस्टचा गॅप पुढे कमीच होणार, म्हणून १.८२५ घातली. शिमेवरचा छापील आकडा पुसट असतो आणि शिम झिजलेलीही असू शकते, तेव्हा मायक्रोमीटरने मोजलेलंच धरा. कव्हर लावण्याआधी इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवून गॅप पुन्हा मोजा. प्लग एनजीकेचा एसआयएमआर८ए९. इरिडियम टोक आहे, ब्रशने घासू नका.

वायरिंग आणि चार्जिंग

हेडलाइट लावून ५००० आरपीएमला बॅटरीवर साधारण १४ ते १४.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. १३.५च्या खाली असेल तर लगेच स्टेटरला (वीज तयार करणाऱ्या कॉइलला) दोष देऊ नका. रेग्युलेटरचा कनेक्टर उघडा. प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल तर पिना ढिल्या पडून गरम होत आहेत. तीन पिवळ्या वायरींपैकी प्रत्येक जोडीत एसी व्होल्टेज सारखं हवं आणि इंजिन बंद असताना एकही वायर अर्थला लागलेली नको. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर स्टेटर शाबूत आहे.

एफआयचा (फ्युएल इंजेक्शनचा) दिवा स्कॅनरशिवाय वाचता येतो. साइड स्टँड खाली, इग्निशन ऑन; लांब चमक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. ७ कूलंट सेन्सर, १२ इंजेक्टर, २१ ऑक्सिजन सेन्सर, २९ आयडल व्हॉल्व्ह, ५४ बँक अँगल (गाडी आडवी पडल्याचं ओळखणारा सेन्सर). १, ८ आणि ९ एकामागोमाग आले तर तीन सेन्सर विकत घ्यायला धावू नका. मॅप (इनटेकमधला दाब), थ्रॉटल आणि हवेच्या तापमानाचे हे सेन्सर थ्रॉटल बॉडीवर एकाच युनिटमध्ये आहेत, आणि बहुतेक वेळा त्यांचा एकच कनेक्टर सैल झालेला असतो.

बाकीची छोटी कामं

इंजिन ऑइल १०डब्ल्यू-३०, जासो एमए (ओल्या क्लचला चालणारं). फिल्टरसकट १.५ लिटर, नुसतं ऑइल १.४. चेन ५२०ची, स्प्रॉकेट १४ आणि ३८. चेन ताणून २० कड्या मोजा: नवी ३१७.५ मिलिमीटर भरते, ३२३ झाली की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदला. धुवायला रॉकेल चालतं, पेट्रोलने ओ-रिंग फुगतात. कूलंटमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको, क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकावर नजर ठेवा: तिथून कूलंट गळालं तर मेकॅनिकल सील, ऑइल गळालं तर ऑइल सील. ते भोक एम-सीलने बुजवलेल्या गाड्या विक्रीला येतात. बुजवल्यावर बाहेर न पडलेलं कूलंट आत ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल दुधाळ होतं, म्हणून जुनी गाडी घेताना तिथे आधी टॉर्च मारा.

राहिलंय ते मागच्या प्रो-लिंकचं, म्हणजे मागचा शॉक स्विंगआर्मशी जोडणाऱ्या लिंकेजचं. चाक उचलून वर-खाली ओढलं की लिंकेजमध्ये बारीक टिकटिक जाणवते. ही जागा मागच्या चाकाच्या थेट फवाऱ्यात आहे आणि सर्व्हिसमध्ये तिथे कुणी ग्रीस घालत नाही. नीडल बेअरिंग आणि कॉलर काढून पाहायचे आहेत. कॉलरवर रोलरच्या उभ्या रेषा उमटल्या असतील तर नुसत्या ग्रीसने भागणार नाही, दोन्ही जोडीने बदलावे लागतील. त्याच वेळी टाकी उतरलेली असेल, तर फ्युएल पंपाची जाळीही पाहून घेता येईल. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, आणि पावसाळाभर अर्धी भरलेली उभी टाकी आतून गंजते. ती लाल पूड आधी जाळीवर साचते आणि मग इंजेक्टरपर्यंत पोचते.