संमती मराठीतून मागायला हवी

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्या नियमांप्रमाणे संमतीची कलमं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. कंपन्या तयारीला लागल्यात. आपणही संमतीची नोटीस, म्हणजे आपला डेटा घेण्याआधी कंपनी दाखवते तो मजकूर, वाचायला शिकून घेऊ.

आधी भाषा बघा. कलम ५(३) प्रमाणे नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावीच लागते; त्यात मराठी आली, कोकणीही आली. मला ही तरतूद सगळ्यांत मोलाची वाटते. न कळता दिलेला होकार हा होकार नव्हेच. ‘मान्य आहे’ एवढं बटण मराठीत आणि मजकूर इंग्रजीत असेल, तर मराठी मजकूर मागा.

नोटीस लांबलचक अटींच्या पोटात दडवलेली नको, तिच्यापुरती वाचून समजली पाहिजे. कुठला डेटा, कशासाठी, हे बाबवार लिहिलेलं हवं. संमती काढून घ्यायची आणि डेटा संरक्षण मंडळाकडे (या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणारं मंडळ) तक्रार करायची लिंकही त्यातच हवी.

कायद्यातच एक उदाहरण आहे. घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारं अ‍ॅप त्यासाठी तुमची माहिती घेतं आणि सोबत फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्टही मागतं. तुम्ही दोन्हींना ‘हो’ म्हटलंत तरी संमती सल्ल्यापुरतीच धरली जाते, कारण सल्ला द्यायला ती यादी लागतच नाही.

संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. एका टिचकीत घेतलेल्या संमतीसाठी नंतर ईमेल, फॉर्म, कस्टमर केअर अशी वणवण नको. मात्र पैसे भरलेली ऑर्डर पोचवण्यापुरता डेटा संमती काढल्यावरही वापरता येतो. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

तक्रार पहिल्यांदा कंपनीकडेच करायची. उत्तराला जास्तीत जास्त ९० दिवस. ही पायरी गाळून डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येत नाही, म्हणून पहिल्या दिवशीच तारखेसह स्क्रीनशॉट आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

संमतीचे नियम मोडल्यास दंड ५० कोटी रुपयांपर्यंत. पण तो सरकारी तिजोरीत जातो, तुम्हाला एक रुपयाही मिळत नाही. उलट तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर तुम्हालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड! शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं कलम ४३अ हा डेटा संरक्षणाचा कायदाच काढून टाकतो. ज्याचा डेटा गेला त्याचीच भरपाई काढून घेणं मला मुळीच पटत नाही.