बांधावरचा बोअर आणि समुद्रातला गॅस

परवा रात्री सीएनजीच्या लायनीत पावणेदोन तास गेले. पंपावर गॅस होता पण प्रेशर नव्हतं, गॅसची पुढची गाडी आल्याशिवाय भरता येणार नाही म्हणे. माझ्या पुढचा रिक्षावाला खाली उतरून तंबाखू मळत म्हणाला, "काय ओ मालक, समुद्रात एवढा गॅस सापडतोय म्हणत्यात, मग हितं पोचंना का?"

मला एकदम चुलत्यांचा मंगळवेढ्याचा बोअर आठवला. बांधाच्या अलीकडं घ्यायचा का पलीकडं यावरून दोन भावांचं बोलणं बंद, मोजणी झाली, तलाठी झाला, तीन वर्षं गेली आणि शेवटी मशीन लागलं तेव्हा साडेचारशे फुटापर्यंत नुसती पांढरी भुकटी उडत राहिली.

लेबनॉनचं डिट्टो असंच झालंय बघा. इस्राएल आणि लेबनॉन यांच्यात समुद्रातल्या ८६० चौरस किमीवरून कैक वर्षं वाद, एकमेकांशी थेट बोलायचं नाही म्हणून अमेरिकेचा माणूस मध्ये, आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये कसाबसा करार झाला. कारिश नावाचं गॅसक्षेत्र इस्राएलकडं, काना नावाचा साठा लेबनॉनकडं. लेबनॉनचं चलन पार कोसळलेलं, लाइट दिवसातून तासदोनतास, लोकांनी केवढी आशा लावली असेल. २०२३ मध्ये ड्रिलिंग केलं तर विकण्याजोगा गॅसच निघाला नाही! तिकडं कारिशचं उत्पादन मात्र करारावर सह्या व्हायच्या आदल्याच दिवशी सुरू झालेलं.

बरं, सापडला म्हणजे मिळाला असं तरी कुठंय. गाझाच्या किनाऱ्यापासून साधारण ३६ किमीवर २००० साली गॅस सापडला, पॅलेस्टिनी नेते यासर अराफात स्वतः बोटीनं जाऊन ज्वाळा पेटवून आले. आज २० वर्षांहून जास्त झाली, तिथून एक घनफूट बाहेर आलेला नाही, आणि गाझाचं पॉवर स्टेशन डिझेलवर चालायचं, तेही वरून कुणी डिझेल येऊ दिलं तर. मला यातलं हेच सगळ्यात जास्त खटकतं. उशाला विहीर आणि दोर दुसऱ्याच्या हातात.

इजिप्तची गंमत अजून वेगळी. आधी तेच पाइपनं इस्राएलला गॅस विकायचे, त्यांच्याच सिनाईच्या वाळवंटात पाइपलाइनवर हल्ले सुरू झाले, २०१२ मध्ये व्यवहार मोडला, आणि २०२० पासून त्याच पाइपातून गॅस उलटा यायला लागला. मधे २०१५ ला त्यांना झोहर सापडलं, भूमध्य समुद्रातला तेव्हाचा सगळ्यात मोठा साठा, सगळे म्हणाले आता इजिप्त सुटला. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथं भारनियमन! भारनियमनाचं दुःख आपल्या यंत्रमागवाल्यांना वेगळं सांगायला नको, चादर अर्धी विणून झाली की लाइट जाणार हे सोलापूरकरानं बघितलंय.

आणि बांधावरचाच खरा मोठा बोअर म्हणजे कतार-इराणचा. आखातात एकच साठा, जगातला सगळ्यात मोठा, दोघांच्या हद्दीत पसरलेला. कतारनं तो थंड करून द्रवरूपात जहाजानं जगभर विकला आणि गबर झाला, इराण निर्बंधांत अडकला, हिवाळ्यात त्याच्या स्वतःच्या घरात गॅस कमी पडतो. आपला कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार आहे आणि ती जहाजं आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या चिंचोळ्या वाटेनंच येतात, म्हणून तिकडं खुट्ट झालं की इथल्या रेटची भीती.

हे सगळं मी रिक्षावाल्याला अर्थातच सांगितलं नाही, थोडंच सांगितलं. म्हंटलं आपल्या मुंबईच्या समुद्रातपण आहे की, १९७४ ला बॉम्बे हायचं तेल लागलं, जवळच वसईचं गॅसक्षेत्र आहे, पण तो गॅस आधी गुजरातेत हजिऱ्याला, तिथून पाइपनं पार यूपीच्या खत कारखान्यांना गेला. सोलापुरात सीएनजी आत्ता कुठं काही वर्षांपूर्वी आला.

"म्हणजे आपल्याच बांधावरनं पाणी यूपीला," तो म्हणाला आणि तंबाखू तोंडात टाकली. मी म्हंटलं अहो खत आपणपण वापरतोच की. त्याला ते काय पटलं नाही. मलाही अर्धंच पटलं होतं.

साडेअकराला गाडी आली. त्याला फुल्ल मिळाला, माझ्या नंबराला परत प्रेशर डाऊन.